पेटी ते बादली: फुलांचे अडते, विक्रेते आणि सजावटकार यांना खुलं पत्र

फूल बाजारातले अडते, चौकाचौकातले फूलविक्रेते, बुके बांधणारे आणि मांडव सजवणारे कारागीर, सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी मावळात पॉलिहाऊसमध्ये जरबेरा आणि डच गुलाब पिकवतो. भाव का पडला, आवक का वाढली, यावर आपण नेहमी बोलतो. फुलाच्या पॅकिंगवर मात्र कोणी बोलत नाही. ते शेतकऱ्याचं काम, त्याने त्याच्या खर्चाने करावं आणि माल गाळ्यावर उतरला की ते संपलं, अशी आपली सगळ्यांची समजूत झाली आहे. ही समजूत बदलावी म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं एवढंच आहे: फूल नेण्याचं पॅकिंग आणि फूल मांडण्याचं पॅकिंग एकच असावं. आज ती दोन वेगळी कामं आहेत. पेटी आमची, बादली तुमची. या दोन्हींच्या मधल्या काही तासांत फुलाचं जेवढं नुकसान होतं, तेवढं रात्रभराच्या प्रवासातही होत नाही.

जरबेराचंच उदाहरण घेतो, कारण ते माझ्या रोजच्या हाताखालचं आहे. हे फूल कात्रीने कापत नाहीत. दांडा बुडाशी धरून जरा तिरका करायचा आणि हिसका देऊन काढायचा. मग खालचा दोन-तीन सेंटिमीटरचा टणक भाग कापून टाकायचा, कारण तो पाणी नीट ओढत नाही. मधल्या चकतीच्या बाहेरच्या दोन-तीन ओळी उमलल्या असतील तरच फूल काढायचं. त्याआधी काढलं तर ते बादलीत माना टाकतं. ही फुलं सावलीत, क्लोरीन घातलेल्या स्वच्छ पाण्यात काही तास उभी राहतात. त्यानंतर आमच्याकडच्या बायका एकेका फुलाला प्लास्टिकची पातळ कॅप चढवतात. कॅप खालून चढवायची, पाकळ्या वरच्या दिशेला हळूच मिटत आणायच्या आणि एकही पाकळी दुमडू द्यायची नाही. दुमडलेल्या पाकळीवर रेघ उठते, आणि ती रेघ दुसऱ्या दिवशी तपकिरी होते. हे काम त्या इतक्या सराईतपणे करतात की बघणाऱ्याला त्यातलं कसब कळतही नाही. मग दहा फुलांची गड्डी, पुठ्ठ्याची पेटी आणि संध्याकाळची गाडी.

पहाटे गाळ्यावर पेटी उघडते. रंग दाखवायला दोन-चार गड्ड्यांच्या कॅपा ओढून काढल्या जातात. उरलेल्या गड्ड्या फरशीवर किंवा गोणपाटावर आडव्या रचल्या जातात. घेणारा त्यातून हव्या त्या खालून ओढतो. वरच्या गड्ड्यांचं वजन खालच्यांवर असतं, त्यामुळे ओढताना पाकळीवर पाकळी घासते. मग ती गड्डी स्कूटरच्या पायदानावर नाहीतर रिक्षात, तिथून दुकानात, आणि दुकानात गळ्यापर्यंत भरलेल्या बादलीत. कॅप कुठे काढलेली, कुठे तशीच. दांडे रात्रभर कोरडे होते, त्यांना बुडाशी पुन्हा काप दिलेला नसतो. दुपारपर्यंत फुलं मान टाकतात आणि विक्रेता म्हणतो, माल जुना होता.

माल जुना नव्हता. जरबेराचा दांडा पोकळ आणि केसाळ असतो. कोरड्या प्रवासात दांड्याच्या टोकाशी हवा शिरते, घाणेरड्या पाण्यातले जिवाणू तिथेच साचतात आणि पाण्याची वाट बंद होते. फूल जड, मान नाजूक, वर पाणी पोहोचत नाही, मान मोडणारच. शिवाय गळ्यापर्यंत पाणी भरलं की केसाळ दांडा पाण्यात कुजतो. जरबेराला चार बोटं पाणी पुरतं, पण ते रोज बदललेलं आणि क्लोरीन घातलेलं हवं. गुलाबाला मात्र खोल पाणी चालतं. एकाच बादलीत दोन्ही ठेवली की एकाचं बरं होतं आणि दुसऱ्याचं नुकसान.

आता यावर जगात काय करतात ते बघा. नेदरलँड्समध्ये आल्समीरला फुलांचा लिलाव होतो. जगातल्या सगळ्यात मोठ्या फूल बाजारांपैकी तो एक. तिथे जरबेरा भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या तक्त्यावर जातो. प्रत्येक भोकातून एक दांडा खाली सोडलेला, फुलाचं तोंड तक्त्यावर सपाट टेकलेलं, आणि फुलाफुलांमध्ये जागा. कॅपची गरजच उरत नाही. बाजारात पोहोचल्यावर तो तक्ता तसाच उचलून बादलीच्या काठांवर ठेवायचा. दांडे पाण्यात लोंबकळतात आणि सरळ राहून पाणी पितात. प्रवासात थोडी वाकलेली मानसुद्धा अशी लटकवून ठेवली की सरळ होते. गिऱ्हाईकाला सगळे रंग वरून एका नजरेत दिसतात. तोच तक्ता गाडीत फूल सांभाळतो आणि दुकानात मांडून दाखवतो. फुलाला हात लागतो फक्त दोनदा, आमचा एकदा आणि गिऱ्हाईकाला देताना तुमचा एकदा.

हा पुठ्ठा काही विलायती नाही. कोरुगेटेड, म्हणजे नालीदार पुठ्ठ्याच्या, पेट्या करणारे आपल्याकडे भरपूर आहेत आणि भोकं पाडणारा साचा त्यांच्याकडे एकदा करून घेता येतो. अडचण दुसरीच आहे. शेतकऱ्याने तक्ता पाठवला तरी त्या मापाची बादली गाळ्यावर नसते. मग हमाल दांडे ओढून फुलं मोकळी करतो, गड्डी बांधतो आणि तक्ता फाडून टाकतो. आमच्या परिसरातल्या एका उत्पादकाने हा प्रयोग करून पाहिला, आणि एका अडत्याने त्याला सांगितलं की मोजायला त्रास होतो, नेहमीसारख्या गड्ड्या पाठवा. मोजायचा त्रास खरा आहे. पण तक्त्यावर ओळीत ठरावीक भोकं असतील तर मोजणी एका नजरेत होते. त्यासाठी भोकांची संख्या आपण मिळून ठरवायला हवी. ती एकट्या शेतकऱ्याने ठरवून चालत नाही.

गुलाबाचीही अशीच गत आहे, आणि इथे मला जास्त वाईट वाटतं, कारण गुलाबाचं चांगलं पॅकिंग कसं असतं हे मावळातल्या प्रत्येकाला माहीत आहे. १४ फेब्रुवारीच्या आधी तळेगाव आणि आसपासच्या पॉलिहाऊसमधून गुलाब परदेशी जातात. त्या दिवसांत पॅकहाऊसमध्ये येऊन बघा. लांबीप्रमाणे प्रतवारी होते. ४० सेंटिमीटरचा गुलाब ६० च्या गड्डीत जात नाही. २० फुलांची गड्डी कोरुगेटेड पुठ्ठ्यात गुंडाळतात, आणि पुठ्ठ्याची कड कळ्यांच्या टोकांपेक्षा दोन बोटं वर असते, म्हणजे मार बसला तर पुठ्ठ्याला बसतो, कळीला बसत नाही. पेटीत गड्ड्यांची तोंडं दोन्ही टोकांना आणि दांडे मध्ये. तोंडं पेटीच्या भिंतीला टेकू देत नाहीत. दांड्यांवरून एक आडवी पट्टी ताणून बांधतात, त्यामुळे पेटी उभी केली तरी गड्ड्या सरकत नाहीत. पेटीच्या दोन्ही बाजूंना भोकं असतात, त्यांतून शीतगृहाची थंड हवा आरपार जाते आणि फूल २ ते ४ अंशांवर येतं. हे सगळं झाल्याशिवाय पेटी विमानतळाच्या वाटेला लागत नाही.

त्याच पॉलिहाऊसमधला, त्याच वाफ्यातला गुलाब देशी बाजारात पाठवताना वर्तमानपत्रात गुंडाळला जातो, रबराने आवळला जातो आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीत जातो. शेतकऱ्याला दुसरं काही येत नाही म्हणून असं होत नाही. पट्टीवर, म्हणजे अडत्याकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशेबावर, त्याला दोन्ही पॅकिंगचा भाव सारखाच मिळतो.

मुंबई-पुण्याच्या ज्या विक्रेत्यांकडे गुलाब पुठ्ठ्यात येतो, त्यांना एक विनंती. गड्डी आल्या आल्या पुठ्ठा सोडू नका. दांड्यांना तिरका काप द्या आणि गुंडाळी तशीच ठेवून गड्डी पाण्यात उभी करा. दोन-तीन तासांनी पुठ्ठा काढा. पाणी वर चढत असताना पुठ्ठा माना सरळ धरून ठेवतो आणि त्या तशाच ताठ होतात. आधीच सोडलेल्या गड्डीतल्या माना झुकलेल्या असतानाच पाणी पितात आणि मग वाकड्याच राहतात. यात खर्च काहीच नाही, फक्त थोडा धीर लागतो.

डिकीचा विषय निघालाच आहे तर तेही लिहितो. एप्रिल-मे महिन्यांत त्याच डिकीत आंब्याच्या पेट्या असतात. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि कार्नेशनला तो सोसत नाही. पाकळ्या आत वळून फूल मिटतं आणि पुन्हा उमलत नाही. ऑर्किडचंही तसंच. गाडीवाल्याला हे कोणी सांगितलेलं नसतं. पेटीवर ‘फळांपासून लांब ठेवा’ असा शिक्का आपण मारू शकतो. गाळ्यावरही फुलांशेजारी फळांच्या पाट्या ठेवू नयेत. आणि थंडीचा नियम सगळ्या फुलांना सारखा लागू नाही. गुलाबाला मानवणारी थंडी अँथुरियम आणि ऑर्किडला काळवंडून टाकते; त्यांना १२-१३ अंशांच्या खाली नेऊ नये. म्हणून सगळा माल एकाच शीतगृहात कोंबण्यात फायदा नाही.

आता बुकेवाल्यांकडे वळतो. तुमच्या हातातलं कौशल्य मी मानतो. मूठभर जिप्सोफिला, म्हणजे ती बारीक पांढरी फुलं, आणि सहा गुलाब यांतून तुम्ही जे उभं करता ते आम्हाला जमणार नाही. पण त्यावर चढणारा सेलोफेनचा घट्ट कागद फुलाला मारतो. फूल थंड जागेतून दमट हवेत आलं की कागदाच्या आतल्या बाजूला पाणी धरतं. ते थेंब पाकळ्यांवर बसतात. गुलाबाच्या पाकळीवर आधी बारीक फिकट ठिपके दिसतात, मग राखाडी बुरशी येते. बोट्रायटिस म्हणतात तिला. पॉलिहाऊसमध्ये आम्ही तिच्याशी झगडतो, पाकळीवर रात्रीचं दव बसू नये म्हणून पडदे वरखाली करतो, आणि शेवटी बंद प्लास्टिकमध्ये तिला हवी तशी हवा मिळते. वरून आणि खालून उघडी, नरसाळ्याच्या आकाराची स्लीव्ह वापरली तर हवा खेळती राहते. क्राफ्ट कागदाची वापरली तर आणखी चांगलं. रंग झाकला जातो असं वाटत असेल तर कागद पुढून खाली कापा. फुलांची तोंडं दिसतील आणि दांडे झाकलेले राहतील.

आपल्याकडे पानात फुलं बांधायची चांगली पद्धत आहेच. फुलपुडीवाला केळीच्या नाहीतर पळसाच्या पानात मोकळी फुलं बांधायचा, केळीच्या सोपाच्या दोऱ्याने. पान फुलांना गारवा देतं, जास्तीची वाफ कोंडू देत नाही आणि नंतर निर्माल्याबरोबर खतात जातं. पूजेच्या फुलांसाठी प्लास्टिकची पिशवी कुठल्याच बाजूने त्याच्यापेक्षा सरस नाही. ज्यांच्या गाडीवर पान अजून आहे त्यांनी ते सोडू नये, आणि गिऱ्हाईकांनी पान मागून घ्यावं.

मोकळ्या फुलांच्या पॅकिंगचं तर नावच काढायला नको अशी स्थिती आहे. दसऱ्याच्या आदल्या रात्री झेंडूचे टेम्पो भरतात ते बघवत नाहीत. पोत्यात दाबून भरलेली फुलं श्वास घेत असतात, आतली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. पहाटे पोत्याच्या मध्यात हात घातला तर गरम लागतो. त्यावर वजन वाढावं म्हणून कोणी पाणी मारलं असेल तर दुपारपर्यंत फुलं काळी पडतात. जाळीदार क्रेट, त्यात तळाला आणि कडेला केळीचं पान, आणि अर्ध्या उंचीपर्यंतच भरणी, एवढ्याने झेंडू, शेवंती, गुलछडी सगळीच सुधारतात. क्रेटला जागा जास्त लागते, गाडीभाडं वाढतं, हे मला माहीत आहे. पण फेकला जाणारा माल मोजला तर हिशेब बदलतो. गुलछडीची काडी, ग्लॅडिओलस ही तर उभीच न्यायची फुलं. ग्लॅडिओलस आडवा ठेवला की त्याचं टोक वरच्या दिशेला वळतं आणि तसंच वाकडं राहतं.

सजावट करणाऱ्यांना सांगायचं ते थोडक्यात. हिरवा फोम सोयीचा आहे, पण तो कुजत नाही. चुरा होऊन पाण्यात आणि मातीत राहतो. केळीचा खुंट आणि बारीक तारेची जाळी या दोन गोष्टींवर आपल्या कारागिरांनी पिढ्यानपिढ्या मखरं उभी केली आहेत. खुंटात ओल असते, त्यात खोचलेली फुलं अधिक वेळ ताजी राहतात. आणि कार्यक्रम संपल्यावर हॉलच्या मागे जरबेराच्या कॅपांचा ढीग पडतो, तो निर्माल्यात मिसळू देऊ नका. फुलांसोबत कॅपा गेल्या की त्या खताचं काहीच होत नाही.

१ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. मिठाईच्या खोक्यांवर आणि आमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायची फिल्म त्या यादीत आहे, सजावटीचं थर्माकोल आहे, स्ट्रॉ आहे. फुलांवरची फिल्म नाही. ती उद्या येईल. तेव्हा घाईघाईत काहीतरी स्वीकारण्यापेक्षा आजच आपली पद्धत आपण ठरवलेली बरी. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. प्लास्टिकच्या फुलांवर बंदी हवी अशी मागणी आपण सगळे करतो, शेतकरी आणि विक्रेते दोघंही. मला ती मागणी पूर्ण मान्य आहे. पण हॉलवाला कृत्रिम फुलं का लावतो? ती रात्रीपर्यंत ताठ उभी राहतात म्हणून. खरं फूल संध्याकाळच्या मुहूर्ताला ताठ उभं राहिलं तर त्या व्यवस्थापकाशी बोलायला आपल्या हातात काहीतरी असेल. आणि खऱ्या फुलालाच आपण प्लास्टिकची कॅप, प्लास्टिकचा कागद आणि फोम यांत गुंडाळून देत असू, तर आपली मागणी लोकांना अर्धवट वाटणार.

मग खर्च कोणी करायचा? पट्टीवर हमाली असते, तोलाई असते, गाडीभाडं असतं. पॅकिंगचा रकाना मी माझ्या एकाही पट्टीवर पाहिलेला नाही. तो सुरू करा, ही माझी तुमच्याकडची मुख्य मागणी. तक्त्यावर किंवा पुठ्ठ्यात आलेला माल वेगळा लावा, त्याचा वेगळा भाव निघू द्या आणि तो पट्टीवर लिहा. शेतकरी भाव बघून शिकतो. जिथे चांगल्या पॅकिंगला चार पैसे जास्त मिळतील तिथे पुढच्या हंगामात अर्धा माल आपोआप तसा येईल. बादल्या आणि क्रेट यांच्यासाठी अनामत पद्धत लावता येईल. आल्समीरला बादल्या अशाच फिरतात: भरलेली बादली घेताना अनामत द्यायची, रिकामी धुऊन परत केली की ती परत मिळते. आपल्याकडे दूध आणि सोडावॉटरच्या बाटल्या याच हिशेबाने वर्षानुवर्षं फिरल्या. रिकाम्या क्रेट घेऊन परतणारी गाडी नाहीतरी गावाकडे येतेच.

बाजार समित्या आणि पणन मंडळ यांनाही याच पत्रातून विनंती. फूल विभागात प्रत्येक ओळीत स्वच्छ पाण्याचा नळ, बादल्या धुवायची जागा आणि माल उभा ठेवायला ओटे द्या. शीतगृह बांधा, पण त्याआधी सावली द्या. पत्र्याखाली तापलेल्या गाळ्यात चार तास पडलेलं फूल नंतर कितीही थंड केलं तरी सावरत नाही. पुष्प संशोधन संचालनालय पुण्यातच आहे. पेटीचं आणि तक्त्याचं प्रमाणित माप ठरवायला तिथल्या शास्त्रज्ञांना, दोन-चार अडत्यांना आणि पेट्या बनवणाऱ्यांना एका टेबलावर बसवणं ही काही अवघड गोष्ट नाही.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि मग कोणालाच सवड मिळत नाही. त्याआधी एक बैठक घेऊ. जागा तुमच्या गाळ्यावरची चालेल, वेळ लिलाव आटोपल्यावरची. तक्त्याचे नमुने, भोकांच्या दोन-तीन मापांत, मी घेऊन येतो. तुम्ही तुमच्या नेहमीच्या वापरातल्या बादल्या आणा. कुठलं माप बसतं ते तिथेच लावून बघू, तक्त्यावर किती फुलं धरायची ते ठरवू आणि पुढच्या आठवड्यापासून पट्टीवर पॅकिंगचा रकाना टाकायला कोण कोण तयार आहे त्यांची नावं लिहून घेऊ.

आपला,
एक जरबेरा उत्पादक, मावळ